दुप्पट रेचक

केंदूरच्या सावळारामाला एक खोड होती. काही कळलं नाही तरी तो "व्हय, समजलं" म्हणून मोकळा व्हायचा. वाचता येत नव्हतं, पण चारचौघांत तसं दिसायला नको म्हणून पुडीचा कागदसुद्धा डोळ्यांपुढं धरून बसायचा. लोक हसायचे. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

बहात्तरच्या दुष्काळात त्याची बायको धुरपदा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दुष्काळ सरला, पण धूळ तिच्या छातीत राहिली. दोन पावलं टाकली की धाप लागायची. आडवं पडायची सोय नाही, बसूनच डोळा लावायचा. दौंडला डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला आणि नुसती मान हलवली. परतताना सावळाराम बायकोला म्हणाला, "तीन महिन्यांत बरं वाटंल म्हणलं डाक्टर." डॉक्टर असलं काही म्हणाला नव्हता.

मग कळलं, शिरूरला शाळेत पोफळे मास्तर प्राणायाम शिकवतात. धुरपदाला एस.टी.त बसवत नव्हतं, म्हणून तो एकटाच गेला. मास्तरांनी एक नाकपुडी दाबून श्वास घेतला, दुसरीनं सावकाश सोडला. सगळं ऐकून म्हणाले, "आजार जाणार नाही, सावळाराम. पण झोप लागेल, जिवाची घालमेल कमी होईल." एक चिठ्ठी लिहून दिली. "समजलं ना?"

"व्हय, समजलं."

घरी येऊन त्यानं बघितलं तसं करून दाखवलं. धुरपदा आधी लाजली, मग करायला लागली. आणि काय सांगावं! आठव्या दिवशी ती आडवी झोपली. सकाळी चुलीपुढं बसून गुणगुणत होती. सावळाराम गोठ्यात जाऊन रडला.

तिथंच थांबला असता मेला तर! पण त्याला वाटलं, नुसतं बघून एवढं, तर चिठ्ठीत आणखी काय काय असेल. मास्तरांना विचारावं तर वाचता येत नाही हे उघडं पडणार. म्हणून शिरूरच्या बाजारात एका जडीबुटीवाल्यापुढं चिठ्ठी धरली. म्हणाला, चष्मा घरी राहिलाय.

"सकाळी उपाशीपोटी. पूरकाच्या दुप्पट रेचक. रोज करावे, खंड पडू देऊ नये," त्यानं वाचलं. "रेचक म्हंजी जुलाब, पाव्हणं. पोट साफ झालं की छाती मोकळी. पूरक म्हंजी पुरंल एवढं, त्याच्या दुप्पट द्यायचं. एरंडेल द्या, वर हे चूर्ण. समजलं का?"

"व्हय, समजलं."

दुसऱ्या दिवसापासून धुरपदा वाटीभर एरंडेल नाक मुरडून प्यायला लागली. चार दिवसांत तिला उठवेना. परसाकडं तो उचलून न्यायचा.

"अवं, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या की."

"खंड पडू द्यायचा न्हाई. मास्तरांनी लिवलंय."

पुढं नाकपुडीपर्यंत तिचा हात जाईना, तेव्हा श्वासाचं राहून गेलं. एरंडेल मात्र एक दिवस चुकलं नाही. नवव्या दिवशी तिचे डोळे पार खोल गेलेले बघून तो घाबरला आणि शेजारच्या अनसाबाईला उशाशी बसवून शिरूरला पळाला.

"श्वासाचं कसं चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

"ते बंद पडलं. पर रेचक चुकवलं न्हाई. वाटी भरून देतो."

"वाटी?" मास्तर ताडकन उठले. "अहो, पूरक म्हणजे श्वास घेणं आणि रेचक म्हणजे सोडणं! घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट वेळ सोडायला, एवढंच लिहिलंय मी. आधी तिला मीठ-साखरेचं पाणी द्या, दवाखान्यात हलवा. समजलं ना?"

सावळाराम तसाच एस.टी.कडं पळत सुटला.

गावात येऊन त्यानं बैलगाडी जुंपायला सांगितली आणि घरात शिरला.

"काय म्हणलं मास्तर?" धुरपदानं विचारलं.

"बरोबर चाललंय म्हणलं."

"मग आजची वाटी ऱ्हायलीय. द्या."

त्यानं साखरपाणी कालवून वाटी तिच्या ओठाला लावली. तिनं सवयीनं नाक मुरडलं, मग त्याच्याकडं बघितलं. "आज ग्वाड लागतंय," ती म्हणाली. "लई करता तुमी माझं."

गाडी वेशीपर्यंतही गेली नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर ओसरीवर माणसं जमली होती. अनसाबाई सगळ्यांदेखत पदर डोळ्याला लावून म्हणाली, "लई केलंस रं सावळा बायकोचं. अखेरपत्तुर एक दिस औषध चुकवलं न्हाईस."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. जीव ओरडत होता, सांग, आता तरी सांग.

"व्हय," सावळाराम म्हणाला.