वजा एक इंच

मित्रांनो, मला जुनी म्हणा, पिवळी म्हणा, तुटकी म्हणा, मी राग धरणार नाही. मी कपड्यांची मापं घ्यायची टेप आहे. माझ्या पाठीवरचे सेंटिमीटर केव्हाच पुसून गेले आणि माझा पहिला इंच जागेवर नाही, हेही कबूल. पण परवा मला माझ्याच घरात खोटी म्हटलं गेलं. ते मात्र मी ऐकून घेणार नाही.

कारखान्यात मी तयार झाले तेव्हा माझं अंग मेणासारखं गुळगुळीत होतं आणि दोन्ही टोकांना पितळी पत्रे चमकत होते. आम्हा सगळ्या बहिणींना एका पोलादी पट्टीशेजारी ताणून तपासलं. अर्धी रेघ इकडची तिकडे झालेली असली, तरी त्या बहिणीला बाजूला फेकत होते. मी पास झाले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे माझ्या खरेपणावरच शिंतोडे उडाले.

मला विकत घेतलं ते एका नव्या नवरीने. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी जुनी पायमशीन आणि हाताशी मी. तिला काही शिवणाची हौस नव्हती. शिंप्याकडे टाकण्याची ऐपत नव्हती, एवढंच. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर विरली की ती उसवून, उलटी करून पुन्हा लावायची. जुन्या चादरीचा मधला भाग विरलेला असायचा, पण कडा धडधाकट असायच्या. त्या कडांतून तिने लेकीचे फ्रॉक काढले. कापड कमी असलं की कागदाचे तुकडे त्यावर आडवे, उभे, उलटे ठेवून पाहायची, आणि कुठे बोटभर कापड वाचलं की स्वतःशीच हसायची. एवढं सगळं करून कौतुक कुणाचं व्हायचं माहीत आहे? मशीनचं! लेकीची आत्या घरी आली की फ्रॉक उलटसुलट करून पाहायची आणि म्हणायची, "वहिनी, तुमची मशीन चांगली आहे हो!" जणू मशीनच उठून बाजारात गेली होती, कापड निवडून आली होती आणि बेतायला बसली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला तळपाय नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आता पहिल्या इंचाचं सांगते. लेकीला दात येत होते तेव्हा तिने मला पलंगावरून ओढलं आणि टोकाशी यथेच्छ चावलं. पितळी पत्रा सुटून तिच्या घशात जायचा, पण आईने वेळेवर पाहिलं. तिने ती ओली, चोथा झालेली कड एकच्या रेघेवर कात्रीने सरळ कापून टाकली. तेव्हापासून मी एकापासून सुरू होते. दुसरी टेप आणायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहून जायचं. मग घराचा नियमच झाला की माप घ्यायचं आणि एक वजा करायचा. एकोणतीस दिसलं की अठ्ठावीस. यात अवघड ते काय? वीस वर्षं त्या नियमाने घरातला एकही कपडा बिघडला नाही.

या वीस वर्षांत माझे हाल काही कमी झाले नाहीत. माझ्याने कपाटं मोजली, रद्दीचे गठ्ठे बांधले. एकदा तर लेकीने माझ्यावरून दोरीच्या उड्या मारल्या. मी सगळं सोसलं, पण माप चुकू दिलं नाही.

मागच्या महिन्यात लेकीला डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली. दारातल्या टेबलाशी बसून रुग्णांची नावं लिहायची. सोमवारी रुजू व्हायचं, पांढरा शर्ट आणि करड्या रंगाची पँट घालून. नाही तर यायचंच नाही, असं त्यांनी बजावलं होतं. शर्ट घरात होता. आईने दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून करडं कापड शोधून आणलं, जेमतेम एका पँटीपुरतं. त्या रंगाचा तागा संपलेला होता.

लेकीने कापड पाहिलं आणि नाक मुरडलं. "आई, तिथे सगळ्या दुकानातले कपडे घालून येतात. मला नको गं शिवलेली पँट."

"नको तर नको," आई म्हणाली, आणि घरात अबोला सुरू झाला.

पण पहिला पगार व्हायला महिना होता. दुकानातली पँट आणणार कशाने? शेवटी आई भिंतीकडे बघून म्हणाली, "मापं तेवढी लिहून ठेवावीत म्हणजे झालं." लेकीने आरशासमोर उभं राहून माझ्याने स्वतःची मापं घेतली, विजेच्या बिलाच्या मागे आकडे लिहिले आणि न बोलता बिल मशीनवर ठेवलं. आईने न बोलता ते उचललं. कापड इतकं कमी होतं की शिवणीत दाबायलासुद्धा तिने नेहमीच्या निम्मंच सोडलं. पुढचे दोन दिवस मशीनशिवाय कुणी बोललं नाही.

रविवारी दुपारी लेकीने पँट घालून पाहिली. कमरेशी हुक लागेना. तिने पोट आत ओढलं, तरी लागेना. लांबीलाही आखूड. तिचे डोळे भरून आले.

"ही टेपच खोटी आहे!" ती ओरडली आणि तिने मला कोपऱ्यात भिरकावलं. "उद्या मी काय घालून जाऊ? लागलेली नोकरी जाईल माझी!"

मित्रांनो, माझं टोक चावणारी ही. माझ्या जिवावर वाढत्या वयाचे सगळे कपडे अंगावर चढवणारी ही. आणि खापर माझ्या डोक्यावर!

आईने मला उचललं, लेकीच्या कमरेभोवती गुंडाळलं आणि वाचलं, "एकोणतीस."

"म्हणजे अठ्ठावीस. मी तेच तर लिहिलंय."

आईचा हात थांबला. "तू एक वजा करून लिहिलंस?"

"मग? वजा करायचंच असतं ना!"

"अगं, वजा मी करते! इतकी वर्षं मीच करत आले!"

"मला काय माहीत! तू बोलत कुठे होतीस?"

"आणि तू बोलत होतीस?"

दोघींनी वजा केलं होतं. एकीने तोंड उघडून एवढं विचारलं असतं, तर हुक लागला असता. कोपऱ्यात भिरकावलं मात्र मला. कुणी साधं "चुकले" म्हणालं का? छे!

आई लगेच उसवायला बसली. चिंध्यांत करंगळीएवढ्या दोन पट्ट्या सापडल्या. त्या तिने दोन्ही बाजूंना खिशाच्या तोंडाशी अशा बेमालूम जोडल्या की मलाही जोड शोधावा लागला. कमरेचा जोड बेल्टच्या लूपखाली दडवला. खालची दुमड सोडून लांबी भरून काढली. चहाच्या वेळेला हुक लागला. लेक आरशासमोर वळून वळून पाहत राहिली.

सोमवारी संध्याकाळी ती नाचतच घरी आली. आई मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होती आणि मी तिच्या गळ्यात होते.

"आई, तिथल्या नर्सबाई आल्या आल्या विचारतात काय, पँट कुठून घेतलीस, किती छान बसलीये!"

आईचे पाय थांबले. "मग? काय सांगितलंस?"

"दुकानातून घेतली म्हटलं. घरी शिवली म्हटलं असतं, तर कुठे काय चुकलंय तेच शोधत बसल्या असत्या."

मनात काही वाईट नव्हतं तिच्या. ती कपडे बदलता बदलता सहज बोलून गेली.

"बरं केलंस," आई म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू झाली. पण मी तिच्या गळ्यात होते. तिने आवंढा गिळला तो मला कळला. लेक पँट खुंटीला अडकवत होती. तिला नाही कळला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमची काळजी घ्या, आम्हाला नीट गुंडाळून ठेवा, असं सांगायची रीत आहे. मी ते सांगणार नाही. मला खुशाल चावा, माझ्याने रद्दी बांधा. पण तुमच्या अंगावरचा कपडा आईने शिवला असेल आणि कुणी विचारलं कुठून आणला, तर "माझ्या आईने शिवला" एवढे तीन शब्द स्पष्ट सांगा. ती ऐकायला तिथे नसली, तरी सांगा.