मोरीची चौथी नस

“डोक्या? डोक्या कित्याक होया तुका? तुमच्या कॉलेजात मांजरा आसत?”

आतेने हे विचारलं तेव्हा तिच्या हातात एक मोरी होती आणि पायाशी सात मांजरं. मोरी म्हणजे आमच्या समुद्रातली लहान शार्क. घाटावर मोरी म्हणजे न्हाणीतली सांडपाण्याची जागा, त्यामुळे ‘आमच्याकडे मोरीचं कालवण फार चांगलं होतं’ असं मी कोल्हापुरात कॉलेजच्या वसतिगृहात म्हणालो तेव्हा खोलीतल्या दोघांनी आपापली ताटं थोडी दूर सरकवली होती.

“अभ्यासाक होया,” मी म्हणालो.

“मोरयेच्या डोक्यात कसलो अभ्यास? तिका अक्कल आसती तर जाळ्यात कशाक इली आसती?”

आते म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, हौसाबाई तांडेल. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच होती, आणि चाळीस वर्षं मिठबावच्या बाजारात मासे कापून विकत होती. अभ्यासाच्या बाबतीत तिला फसवणं सोपं नव्हतं. म्हणून मी खरं काय ते सांगितलं.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मला बेडूक आला होता. मी त्याला रीतसर बेशुद्ध करून चारी पायांना टाचण्या मारल्या आणि स्काल्पेल उचललं. माझा हात इतका थरथरत होता की बेडकालाच दया आली असावी. तो टाचण्यांसकट उठला आणि खिडकीपर्यंत गेला. तिथून त्याने एकदा वळून पाहिलं. इतर विषयांच्या जोरावर मी पास झालो, पण जीवशास्त्राच्या सरांनी मला बोलावून घेतलं.

“तांडेल, दुसऱ्या वर्षाला बेडूक नाही, शार्क असते. तिच्या डोक्यातल्या नसा मोकळ्या करायच्या असतात. चौथी नस केसासारखी बारीक. जूनमध्ये पहिल्याच प्रॅक्टिकलला ती तुम्ही माझ्यासमोर काढून दाखवायची. तुटली, तर तुम्ही आर्ट्सला अर्ज करा.”

आर्ट्सला जाणं म्हणजे काय हे आमच्या वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. गोदीत जाणं म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. मुंबईच्या गोदीत असलेल्या दाजीकाकाने तर पत्र पाठवून गणवेशासाठी माझ्या अंगाचं मापही मागवलं होतं.

सगळं ऐकल्यावर आतेने एकच शंका काढली. “बेडूक मगे खंय गेलो?”

“ठावक नाय.”

“शाणो व्हतो,” असं म्हणून तिने मोरीचं डोकं माझ्यापुढे टाकलं. मांजरांनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून विसरलेलो नाही.

तो सगळा मे महिना मी मागीलदारी बसून डोकी बिघडवली. पहिल्या दिवशी चौथी नस तुटली. दुसऱ्या दिवशी तुटली. तिसऱ्या दिवशी सापडलीच नाही, आणि पुस्तकाप्रमाणे जिथे नस असायला हवी तिथे माझं बोट कापलेलं होतं.

आते बघत होती. शेवटी तिने तिचा आडाळो पुढे ओढला. म्हणजे आमची विळी. लाकडी पाट, त्यात उभं पातं, पाटावर बसायचं आणि दोन्ही हातांत मासा धरायचा.

“हो आडाळो हलता?”

“नाय.”

“मगे तू कित्याक हलतंस? पाता ऱ्हवांदे थंयच. मासो फिरव.”

एवढंच शिक्षण. दोन्ही हातांत डोकं धरलं की हाताला थरथरायला जागाच उरत नाही. आठव्या दिवशी कवटी सालीसारखी निघाली आणि डोळ्याच्या वर एक पांढरा तंतू दिसला. मी ओरडलो. मांजरं पळाली.

“हो धागो कसलो?” आतेने विचारलं.

“हीच ती चौथी नस. हिच्यान डोळो फिरता.”

“येवढ्याश्या धाग्यान?” ती खाली वाकली. “चाळीस वर्सां मी हो धागो मांजरांका घातलंय.”

दुसऱ्या दिवसापासून तिला चैन पडेना. हा धागा कुठला, तो कुठे जातो, माशाला दुखलं तर कुठल्या धाग्याने कळतं? मी पुस्तकात बघून सांगत असे. एकदा एका नसेला पुस्तकात पाच फाटे आहेत असं मी म्हणालो, तर ती म्हणाली, सहा आसत, नीट बघ. सहा होते.

मग एके दिवशी तिने डावा हात माझ्यापुढे धरला. करंगळीशेजारच्या बोटाला वीस वर्षांपूर्वी वागळीचा, म्हणजे त्या चपट्या माशाच्या शेपटीतला विषारी काटा लागला होता.

“ह्या बोटाक इंगळो लायलो तरी माका कळणा नाय. ह्येचोय धागो तुटलो आसतलो?”

“आसतलो.”

“तुझ्या सरांका इचार, तो सांधूक येता काय.”

जूनमध्ये निघताना मी सरांसाठी एक अखंड मोरी मीठ लावून टोपलीत ठेवली. कॉलेजातल्या बाटलीतल्या मोऱ्या फार जुन्या आहेत, जमलं तर एक घेऊन या, असं त्यांनीच सांगितलं होतं. फोंडाघाट चढताना एसटीतली माणसं एकेक करून माझ्यापासून दूर गेली आणि कंडक्टरने माझं तिकीट लांबूनच फाडलं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी चाळीस मुलांसमोर सरांनी टोपली उघडली. आत सोललेल्या, स्वच्छ धुतलेल्या, सारख्या आकाराच्या तुकड्या होत्या. वर आमसुलं. डोकं नव्हतं. मी आंघोळीला गेलो असताना आईने टोपली बघितली असणार. गुरूच्या घरी डोकं नि आतड्यांसकट मासा पाठवायचा ही कल्पनाच तिला सहन झाली नसणार.

वर्ग हसून थकेपर्यंत सर थांबले.

“तांडेल, हिची चौथी नस कुठे आहे?”

“मांजराच्या पोटात, सर.”

त्यांनी बाटलीतली मोरी काढून माझ्यापुढे ठेवली. ती बहुधा माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. मी स्काल्पेल उचललं आणि त्याचं टोक मोरीच्या डोक्यावर नाचू लागलं. खिडकीपाशी कुणीतरी ‘बेडूक’ म्हणालं.

मी स्काल्पेल खाली ठेवलं. टेबलाचा खण उघडला, पातं वर राहील अशी स्काल्पेलची मूठ त्यात उभी धरली, खण गच्च लावला आणि गुडघ्याने दाबून धरला. मग दोन्ही हातांत डोकं घेऊन ते पात्यावर फिरवू लागलो.

“हे काय चाललंय?” सरांनी विचारलं.

“मासा फिरवतोय, सर.”

यानंतर कुणी हसलं नाही. अर्ध्या तासाने चौथी नस मोकळी झाली, अख्खी. सरांनी चष्मा काढला, भिंगातून पाहिलं, पुन्हा चष्मा लावला.

“ही पद्धत कुठल्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात नाही सर, आतेच्या आडाळ्यावर.”

आर्ट्सचा अर्ज मला करावा लागला नाही. तुकड्या सरांनी घरी नेल्या. त्या दिवशी निघताना मी त्यांना बोटाचं विचारलं. वीस वर्षं म्हटल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

दिवाळीला घरी आलो तेव्हा आते मागीलदारी मोरी कापत होती.

“ऱ्हवलंस मां सायन्साकच?”

“ऱ्हवलंय.”

“आणि इचारलंस?”

“इचारलंय. सांधूक येणा नाय, आते.”

“बरा,” ती म्हणाली. मग मोरीचं शेपूट कापत, “धागो आसता खंय, ता तरी कळला.”

तिने मोरीचं डोकं वेगळं केलं. फेकलं नाही. पात्यावर दोनदा फिरवलं, पांढरा धागा उचलून त्या मेलेल्या बोटावर घेतला आणि उन्हात धरून बघितला. मग बाजूच्या केळीच्या पानावर सरळ करून ठेवला, आणि डोकं मांजरांपुढे सरकवलं.

तोवर मांजरं ओळीत बसून होती. एकही ओरडत नव्हतं. त्यांना थांबायची सवय झाली होती.