भिंतीचा बाक

दगडवाल्या बाईंनी दोघा भावांच्या अंगणांमधल्या भिंतीच्या पुढच्या टोकाला दोरी लावली आणि सरळ मागे ताणली. अर्ध्यापर्यंत भिंत दोरीला धरून होती. मग तिनं बाक घेतला होता, आणि मागची अर्धी भिंत हातभर थोरल्याच्या अंगणात शिरली होती.

"बघा," थोरला म्हणाला. "वडील गेले नि यानं सुरुवात केली. दरसाल बोटभर. बांध कोरावा तसा."

'यानं' म्हणजे धाकट्यानं. तो भिंतीपलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळला होता आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. दादानं एकदा येऊन जावं, एवढंच त्याचं मागणं. दादा या भिंतीपायी वर्षानुवर्षं त्याचं तोंड बघत नव्हता. म्हणून धाकट्याच्या बायकोनं बाईंना हातापाया पडून आणलं होतं. बाई भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत होत्या, पण दिवसभर खडकांत हिंडायच्या, त्यावरून ते नाव पडलं होतं.

"भिंत कुणी सरकवली नाही," बाई दोरी गुंडाळत म्हणाल्या. "जमीन सरकलीय."

"जमीन सरकायला ती काय बसायचा पाट आहे?"

"पाटच समजा. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांतल्या दोन तुकड्यांची शीव तुमच्या अंगणातून जाते. दुसरीकडे असे तुकडे समोरासमोर भिडतात, तिथं डोंगर उठतात. फाकतात तिथं समुद्र शिरतो. इथं नुसते घासत जातात, एक इकडे, एक तिकडे. नखं वाढतात तितक्या सावकाश. मागची टेकडी तुटलीय, ओढा एकदम वळलाय, तेही त्यानंच."

"वा. म्हणजे त्याचं पाप पृथ्वीच्या माथी."

बाई थोरल्याच्या घराला वळसा घालून पलीकडे गेल्या. तिथं गल्लीच्या बाजूला त्याचीच कुंपणाची भिंत होती. तिलाही त्यांनी दोरी लावली. तीही मधोमध वाकली होती, आणि मागची अर्धी भिंत हातभर गल्लीत गेली होती.

"तिकडे हातभर गेलं, इकडे हातभर आलं. तुमचा बोटभरही तोटा नाही. हीसुद्धा त्यानंच सरकवली का?"

थोरल्यानं त्या बाकावरून तळहात फिरवला. रोज सकाळी तो याच भिंतीवर टॉवेल वाळत घालायचा. इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून त्यानं फक्त दुसरी भिंत पाहिली होती. धाकट्याची बायको मागे उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि तिला रडू फुटलं ते आनंदानं.

"चल," थोरला तिला म्हणाला. "भेटतो त्याला."

त्याला दारात बघून धाकट्यानं उठायची धडपड केली. थोरल्यानं त्याला निजवलं, खुर्ची ओढून घेतली आणि त्याचा हात हातात घेतला. नखं वाढली होती.

"झालं गेलं," थोरला म्हणाला. "बुद्धी फिरली तुझी, सरकवलीस भिंत. मी मनातून काढून टाकलंय. माफ केलं तुला."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभाला साधी धगही लागली नव्हती.

बायको पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबली. आईची शपथ घेऊन, चारचौघांत मार खाऊन धाकटा आजवर एकच सांगत आला होता, की मी भिंतीला हात लावला नाही. ती बोलायला पुढे झाली. तोवर तो बोलून गेला होता.

"चुकलंच माझं, दादा."

"असू दे," थोरला म्हणाला आणि त्याचा हात थोपटत राहिला.

धाकटा हसला. आजारपण सुरू झाल्यापासून तो हसला नव्हता. थोरल्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, अगदी सरळ, आणि नजर काढून घेतली नाही.

"चहा टाकतेस ना?"

तिनं एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन चहा ठेवला. थोरल्याला साखर किती लागते, हे ती विसरली नव्हती.