काळं काळं निवडून ठेव

माझं डोकं पटकन फिरतं. असल्या बाईने दगडांच्या नादी लागू नये, पण मी लागले, आणि अकरा वर्षं एका मेलेल्या जनावराच्या पोटात डोकं घालून बसले.

मी नगरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते आणि केडगावात आईबरोबर राहते. आमच्याकडे पायाखाली सगळा काळा पाषाण, त्यात समुद्रातलं जनावर कुठून यायचं? माझा जीवाश्माचा ठोकळा कच्छहून आला होता. दिसायला माशासारखा, पण पालीसुसरींच्या गोत्रातला कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्राणी, आणि त्याच्या बरगड्यांच्या आत त्याचं शेवटचं जेवण. ते काय होतं, एवढंच मला पीएचडीत सिद्ध करायचं होतं. गाईड गोरक्षनाथ सर म्हणायचे, मासे. मी म्हणायचे, माकूळ, म्हणजे स्क्विड. त्या काळच्या माकुळांच्या हातांना नख्या असायच्या, मोहरीएवढ्या, काळ्याभोर. पोटात त्या सापडल्या की माझं खरं.

पोटाचा सगळा दगड मी सौम्य आम्लात विरघळवला. आठ महिने गच्चीवर बादल्या बदलत होते. थोडा राखून ठेवावा, असं सर म्हणाले होते, पण मला घाई. शेवटी एक ताटभर पांढरी रेव उरली आणि तिच्यात नख्या! भिंगाखाली बघितल्या तेव्हा मी एकटीच खो खो हसले आणि लगेच सरांना कळवलं. आता त्या वेगळ्या करायच्या, मोजायच्या, त्यांचे फोटो काढायचे आणि त्या प्रबंधाबरोबर द्यायच्या. मुदत दोनदा वाढवून झाली होती. नऊ दिवस राहिले होते आणि त्यातच कॉलेजने परीक्षेची ड्यूटी गळ्यात मारली.

आईची नजर सत्तरीतही माझ्यापेक्षा चांगली. राहात्याला शेतात आणि घरात तिने जन्मभर धान्य निवडलं. मी ताट तिच्यापुढे ठेवलं आणि चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "आई, काळं काळं निवडून ठेव."

संध्याकाळी आले तर रेव लख्ख पांढरी, बरणीत भरलेली, वर झाकण. आईची पाठ धरली होती, पण तोंड फुललेलं.

"बघ दये, एक बी काळं ठेवलं न्हाई."

मी विचारलं, काळं कुठाय. तिने मोरीकडे हात केला. कचरा घरात कशाला ठेवायचा, म्हणून वर दोन बादल्या पाणीही ओतलं होतं.

तिचं काय चुकलं? आपण तांदूळ निवडतो म्हणजे खडे काढून टाकतोच ना! शब्द माझा होता. पण हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी मोरीची जाळी उपसली, बाहेरचं चेंबर उघडलं, कोपरापर्यंत हात घातला. हाताला केस आणि शितं लागली. मग मी आईला नाही नाही ते बोलले. अडाणी म्हणाले. माझ्या आयुष्याची माती केलीस म्हणाले. ती भिंतीला टेकून उभी होती.

सरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं की दगड थोडा तरी उरलाय का. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "पोटात नख्या होत्या, हे तुम्हाला माहीत आहे आणि मला. कागदावर मात्र काही येणार नाही."

मुदत गेली, नोंदणी रद्द झाली. मी शिकवतेय तशीच शिकवतेय. आईची माफी मागितली, दोनदा. ती म्हणते, जाऊ दे गं. पण त्या दिवसापासून तिने निवडायला ताट हातात धरलेलं नाही. काल तांदूळ काढले, ते माझ्यापुढे आणून ठेवले आणि बाजूला बसली.

"तूच निवड," म्हणाली. "त्यातलं काय ठिवायचं, मला कळत न्हाई."