मोरिवाकी-सानचं रागाचं अक्षर

सोमवारी सकाळी मी पोळ्यांचा जुना तवा प्लास्टिकच्या कचऱ्यात घातला, पिशवी खाली ठेवून आले आणि बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीमागे लपून बसले.

ओसाकातल्या आमच्या इमारतीत कचऱ्याचा कारभार मोरिवाकी-सान बघतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. चुकीच्या दिवशी चुकीची वस्तू दिसली की तिथल्या तिथे जाड मार्करने चिठ्ठी लिहून पिशवीवर चिकटवतात. नवीन आले तेव्हा या चिठ्ठ्या वाचून मला रडू फुटायचं. एकदा रडता रडता चिठ्ठी नीट पाहिली आणि रडायचंच विसरले. काय अक्षर होतं!

मी मुंबईत अक्षररचना शिकले, आता इथल्या छोट्या स्टुडिओत फॉन्ट करते. आमच्या वस्तीच्या मंडळाला पाट्यांसाठी, जत्रेच्या पोस्टरांसाठी स्वतःचा कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरांचा, फॉन्ट हवा होता. बघताच कळायला हवं, हे इथलंच. शुक्रवारी दुपारी शंभर अक्षरं दाखवायची, नाहीतर काम टोकियोच्या स्टुडिओकडे जाणार. काम गेलं की माझी नोकरी जाणार, आणि आईला नोकरी नसेल तर माझ्या लेकीची, कौमुदीची, पाळणाघरातली जागाही. ती मिळायला अकरा महिने लागले होते.

इथलं अक्षर म्हणजे मोरिवाकी-सानचं, याबद्दल मला शंका नव्हती. पाणी दाखवणारे तीन थेंब त्या देतात ते तीन चापट्या मारल्यासारखे. उभी रेघ शेवटी लाथ झाडते. पण पंचाईत अशी की जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या पुरत नव्हत्या आणि आता मला कचरा वेगळा करता येऊ लागला होता. चिठ्ठ्या बंद! विचारायची हिंमत नव्हती. म्हणून गुन्हे.

"तव्यापायी व्हिसा घालवशील," देवदत्त डबा भरता भरता म्हणाला. नवऱ्याकडून एवढीच मदत.

तव्याने 'धातू' हे अक्षर मिळवून दिलं. मंगळवारी छत्री टाकली. बुधवारी रद्दीत माशाचे काटे गुंडाळले. 'मासा' आला, 'कागद' आला, शिवाय एक अक्षर, जे मी पाळणाघराच्या बाईंना दाखवलं तर त्या लाजल्या.

गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात मोरिवाकी-सान, हातात तवा.

"दुधाचे खोके धुऊन, इस्त्री केल्यासारख्या घड्या घालून ठेवणारी बाई तू. तुला झालंय काय?"

मी सबब जुळवत होते, तेवढ्यात माझ्या पायामागून कौमुदी जपानीत म्हणाली, "आई मुद्दाम करते. मग फोटो काढते."

तीन वर्षांची पोर! मग सगळं सांगितलं. फाइल दाखवली. मोरिवाकी-सान आपल्याच चिठ्ठ्या बराच वेळ चाळत राहिल्या.

"किती कमी पडतायत?"

"तीस."

"चल माझ्या घरी."

त्यांनी चांगला कागद काढला, कुंचला काढला, चष्मा पुसला, पाठ ताठ केली आणि लिहिलं. तेल लावून भांग पाडलेली, शाळेच्या पहिल्या दिवशीची अक्षरं! तीन थेंब तर ड्रॉपरने सोडल्यासारखे.

वडीलधाऱ्यांना 'वाईट आहे' कसं म्हणायचं? मी घसा साफ केला.

"सुंदर आहेत हो. अगदी टोकियोसारखी."

कुंचला थांबला. "कशासारखी?"

"म्हणजे, तिथले लोकही असंच काढतील. काम त्यांनाच गेलं तरी..."

"आकान!" त्या ओरडल्या. हे ओसाकाचं 'मुळीच नाही'. "मार्कर आण!"

कौमुदी पळाली. मोरिवाकी-साननी जुनं कॅलेंडर उलटं केलं. दर अक्षराला टोकियोची एक खोड निघत होती. सूप काळंकुट्ट! फटकार. सरकत्या जिन्यावर उभे राहतात चुकीच्या बाजूला! फटकार. विनोद सांगितला तर विचारतात, म्हणजे काय! या वाक्याला 'दार' इतकं जबरदस्त उतरलं, की ते कुणी उघडेल असं वाटेना.

बाविसाव्या अक्षराला त्या खुर्चीत मागे टेकल्या. "संपला राग."

"आठच राहिलीत हो."

"नाही येत आता. चहा घे."

मी टोकियोबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी सुचवून पाहिल्या. त्या नुसत्या हसल्या. एकदा तर "बिचारे" म्हणाल्या.

माझा चेहरा बघून त्यांनी कप खाली ठेवला. "उद्या सकाळी सव्वासातला ये. साडेसातला माझ्या सुनेचा फोन येतो."

शुक्रवारी कौमुदीला मांडीवर घेऊन मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. कागद पसरला होता, मार्करचं टोपण काढलं होतं. आम्ही तिघीही फोनकडे बघत होतो.