पहिला घास कुत्र्याचा

यंदा भाताला हाक मारायचं काम आपल्याकडे आलंय हे कळलं, तेव्हा चेवेईला आभाळ ठेंगणं झालं! दरवर्षी हा मान आईचा. पण आईचा आवाज वसंतात बसला तो बसलाच. दादा गेला त्या दिवशी तिनं जे काही ओरडून घेतलं होतं, त्यानंतर गळ्यात नुसती खरखर उरली होती.

शाळेच्या वसतिगृहातून चेवेई खास नव्या भातासाठी डोंगरावर आली होती. पांढरं टोकदार कुंचडं डोक्यावर चढवलं, आरशात तीनदा पाहिलं, वेताची पाटी पाठीला लावून तिचा पट्टा कपाळावर ओढला आणि निघाली. पुढे दादाचा कुत्रा मोलू, मागे आई, आणि सगळ्यात मागे बाळाला पाठीशी बांधलेली वहिनी.

"जमेल ना गं?" वहिनी म्हणाली. "की शाळेत नुसते धडेच वाचायला शिकवतात?"

"वहिनी, अशी हाक मारीन की पलीकडच्या गावचंही भात उठून आपल्याकडे चालत येईल!"

"मग त्या गावची माणसंही येतील. काठ्या घेऊन."

वहिनी हसली. कितीतरी दिवसांनी. चेवेईला वाटलं, बस, आजचा दिवस आपण जिंकला.

उतारावरच्या शेतात अर्धवट पिकलेल्या लोंब्या खुडून झाल्या. पाटी भरली. आता घरापर्यंत मागे वळून बघायचं नाही आणि सारखी हाक मारत राहायचं, म्हणजे भाताचा जीव शेतात रेंगाळत नाही. त्याला घर चुकू नये म्हणून घरातल्यांची नावं सांगायची. जिवंत माणसांचीच. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं तर भाताबरोबर तोही निघतो.

"सगळ्यांची नावं घे," आई खरखरत म्हणाली. "बाळाचंही घे. आणि..."

"माहितेय मला, आई."

ते "आणि" तिथेच शेतात राहिलं.

दादा, म्हणजे चेसी, चहाच्या पहिल्या खुडणीच्या वेळी मोटारसायकलवरून रबराच्या मळ्याखाली घसरला. जीव रस्त्यावरच गेला. घराबाहेर असा गेलेला माणूस घरात परत घेत नाहीत. बाकीच्यांच्या थडग्यावर छोटी झोपडी बांधतात, तिथे जेवण नेऊन ठेवतात. दादाला झोपडी नाही आणि जेवणही नाही. बाळ त्याच्या मागून जन्मलं.

चेवेईनं छाती भरून हाक दिली. "ये रे भाता, घरी ये! गवतात बसू नको, ओढ्यात खेळू नको, पाखरांच्या नादी लागू नको!" आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. काय आवाज लागला होता! वर्गातल्या मुली इथे हव्या होत्या. "ये रे भाता, पाओचेच्या घरी ये!"

पाओचे म्हणजे बाबा. आणि इथेच घात झाला. या डोंगरावर बापाच्या नावाचं शेपूट ते मुलाच्या नावाचं डोकं. पाओचेचा चेसी, चेसीचा सीलान. नावं अशी एकमेकांचा हात धरून उभी असतात, एक काढलं की बाकीची कोलमडतात. सीलान म्हणजे बाळ, आणि त्याच्यापर्यंत पोचायची जिभेला एकच वाट ठाऊक होती.

"पाओचेच्या घरी, चेसीच्या घरी, सीलानच्या घरी ये!"

तोंडातून गेलं तेव्हा तिला कळलं. पुढे चाललेला मोलू थबकला. त्याचे कान उभे राहिले. मग तो तिच्या पायांना घासत मागे पळाला, वाटेच्या वळणाकडे, आणि ज्या खुशीत भुंकला तशा खुशीत तो वसंतापासून भुंकला नव्हता.

चेवेईला मागे वळता येत नव्हतं. तिनं कान लावले. आता आई रागवेल, आता वहिनी ओरडेल. उलट आईची पावलं भरभर पडू लागली, घरी पाहुणा यायचा असला की पडतात तशी.

घरी लोंब्या कढईत भाजल्या, उखळात कांडल्या, हिरवे हिरवे पोहे पाखडून केळीच्या पानावर ठेवले. कोंबडी शिजली होती. कोवळ्या चहाच्या पाल्याची चटणी मीठ-मिरची आणि आंबट मुंग्या घालून वाटून झाली होती. गावबाबा, गावातले सगळ्यात वडीलधारे, येऊन चुलीशी बसले. पहिला घास कुत्र्याचा. महापुरात सगळं वाहून गेलं तेव्हा भाताचं बी शेपटीला चिकटवून आणलं ते कुत्र्यानंच. तो खाईपर्यंत कुणी खात नाही.

"मोलू!" बाबांनी हाक मारली. "मोलू, ये रे! आज कसला तोरा दाखवतोय हा?"

मोलू आला नाही. पोहे निवत चालले.

गावबाबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "कुणी घेतलं नाव?"

"मी," चेवेई म्हणाली. तिचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"मग तो वळणावर उभा आहे. कुत्रा त्याच्यापाशी बसलाय. ज्यानं बोलावलं त्यानंच परत पाठवायचं, पोरी."

"एक घास खाऊ द्या ना त्यांना," वहिनी म्हणाली. "केवढ्या लांबून आलेत, गावबाबा. एकच घास."

"खाल्लं की तो राहील. आणि एकटा नाही राहायचा तो. कुणाला तरी जवळ घेईल." गावबाबांची नजर बाळावर गेली. वहिनीनं बाळाला असं आवळलं की ते रडायला लागलं. मग तिनं मान खाली घातली.

आई चुलीतली राख उगाच खालीवर करत होती.

चेवेई वळणापर्यंत गेली. मोलू बसला होता, मान वर करून. माणसाच्या तोंडाकडे बघावं तसा तो हवेत बघत होता आणि शेपटीनं धूळ झाडत होता.

"दादा," ती म्हणाली, "चूक माझी झाली. तू आपला लगेच निघालास! आळशी कुठला, एरवी दहा हाका मारल्या तरी उठायचा नाहीस." तिला हसू आलं आणि ते मध्येच फुटलं. असं बोलून चालणार नव्हतं. अशानं तो थांबलाच असता. तिनं डोळे पुसले आणि वसतिगृहाच्या बाई बोलतात तो कोरडा आवाज काढला.

"इथे तुझं पान मांडलेलं नाही. तुझ्या वाटचं भात पेरलं नव्हतं. आमच्या घरात चेसी नावाचं कुणी नाही. जा."

मोलूची शेपटी थांबली. मग त्याचं डोकं हळूहळू वळत गेलं, शेताकडे, उताराकडे, रबराच्या झाडांकडे. बराच वेळ तो तिकडे बघत राहिला. एकदा बारीक कुंईकुंई केली. नंतर उठला आणि खालच्या मानेनं तिच्या मागे घरी आला.

त्यानं पानावरचे पोहे खाल्ले. "झालं," गावबाबा म्हणाले. आईनं पहिलं पान चेवेईपुढे ठेवलं, हाक मारली होती तिनं, मान तिचाच.

वहिनी तिच्या शेजारी सरकली. बाळ झोपलं होतं. तिनं अगदी कानाशी विचारलं, "जाताना मागे वळून पाहिलं का गं त्यांनी?"

चेवेईनं मूठभर पोहे तोंडात कोंबले आणि चावत राहिली.