परका सोमवार

या, जरा जवळ सरकून बसा. माधव नगरातल्या रजनीताईंची गोष्ट सांगायची आहे. मन जड होईल, होऊ द्या. देवाच्या दारी जड मनानंही बसता येतं.

उज्जैनला श्रावण दोनदा लागतो. आधी इथल्यांचा, मग पंधरा दिवसांनी आपला मराठी माणसांचा. रजनीताईंचे यजमान श्रीनाथराव तीस वर्षं आपलाच धरत आले. बँकेची नोकरी सरली, तशी कीर्तनाला पेटीची साथ करणं एवढाच त्यांचा संसार. येत्या बुधवारी कीर्तन होतं, त्याच दिवशी दवाखान्यातून सोडणार होते. आदल्या शुक्रवारी त्यांच्या किडनीतला खडा पाठीतून छिद्र पाडून काढला होता.

सोमवारी सकाळी रजनीताईंनी दवाखान्यात मऊ खिचडी नेली. श्रीनाथरावांनी डबा दूर सारला.

"आज सोमवार आहे. इथल्यांचा श्रावण लागलाय."

"अहो, आपला कुठे लागलाय? पंधरा दिवस आगाऊ पुण्य कशाला?"

"इतकी वर्षं इथलं मीठ खाल्लं, एखादा सोमवार त्यांचाही धरू."

रजनीताई हसल्या. श्रीनाथरावांचा एक हात पोटावर होता, तो ताईंना दिसला. पण दुखण्यातही माणसाला देव आठवला, याचंच त्यांना कौतुक वाटलं. गौरी नर्सनं विचारलं, "अंकल ने कुछ खाया?" तर ताईच म्हणाल्या, "व्रत है उनका." गौरीनं तसं लिहून घेतलं.

मंगळवारी त्यांना हुडहुडी भरली. पोट फुगून टणक झालं. तपासणीत कळलं, खड्याकडे जाताना सुईनं मोठ्या आतड्याला छेद दिला होता. क्वचित कुणाचं आतडं किडनीच्या मागे सरकलेलं असतं, डॉक्टर म्हणाले, शेकड्यांत एखाद्याचं. पुन्हा ऑपरेशन झालं. पण विष रक्तात उतरलं होतं.

शुद्धीवर होते तेव्हा श्रीनाथराव म्हणाले, "अगं, रविवारपासूनच दुखत होतं. सांगितलं असतं तर बुधवारी कीर्तनाला सोडलं नसतं त्यांनी."

नवव्या दिवशी ते गेले.

रजनीताईंनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "मैं सोमवार को बता देती तो?"

डॉक्टर म्हणाले, "शायद. पक्का नहीं कह सकता, माताजी. पूछना तो हमें भी चाहिए था."

तेराव्याला मंडळी जमली. शेजारच्या अलकावहिनी गहिवरून म्हणाल्या, "पुण्यवान हो. शेवटपर्यंत सोमवार सोडला नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रजनीताईंनाही मान हलवता आली असती. त्यांनी पदर सावरला.

"उपास नव्हता तो, वहिनी. पोटात दुखत होतं त्यांच्या. मला दिसलं होतं, आणि मी व्रत सांगितलं."

अलकावहिनी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

तर मंडळी, श्रीनाथरावांसाठी हात जोडालच. पण त्याच हातांनी रजनीताईंची आठवण ठेवा. नवऱ्याचं पुण्य हाती आयतं आलं असताना ती माउली खरं बोलली.